खिशातलं संत्र्याचं पान
सौंसर, रविवार, १८ जानेवारी

आज मोटर सुरू केली एकदाची. फुलं यावी म्हणून झाडांचं पाणी तोडलेलं. ते परत कधी सोडायचं, याच विचारात आठ दिवस एक मलूल पान खिशात घेऊन फिरलो. पांढुर्ण्याच्या साडूलाही दाखवलं. चार जणांनी चार तारखा सांगितल्या. मागच्या वर्षी घाई केली, तर फुलाऐवजी नुसती पालवी. अन् उशीर होऊन झाडच वाळलं तर?

दुपारी ही बगिच्यात आली. "खिशातलं पान काय पाहून राहिले? झाडाकडं पाहा ना!"

"अन् चुकलं तर?"

"लग्नाआधी तुमाले एकदाच पाह्यलं होतं मी. तवा कुठं एवढा इचार केला?"

"मग चुकलं का?"

"ते अजून पाहूनच राहिली," म्हणाली अन् हसली.

मग आळ्यातली माती मुठीत घेऊन पाहिली, फांदी वाकवून पाहिली, अन् बटण दाबलं. पहिल्या आळ्यात पाणी शिरलं तेव्हा आम्ही दोघंही अनवाणी उभे होतो. फूल येते का पालवी, महिनाभरात झाडच सांगेल. खिशातलं पान त्याच आळ्यात टाकलं. ही दोनदा ओरडली, तरी पायाचा चिखल अजून धुतला नाही.