डोकं लागणार नाही एवढा वर

सोमवार, १२ जानेवारी. सातारा

संजयचं तेरावं होऊन कित्येक महिने झाले, इथे एक ओळ लिहिली नाही. चुकलंच माझं.

त्याने मागवलेला टांगता दिवा आज लावून घेतला. साठच्या दशकातल्या घाटाचा, पितळी, तीन शंकूंचा. जेवणाच्या टेबलावर अगदी खाली हवा, उजेड फक्त ताटांवर पडावा, हा त्याचा हट्ट. मी म्हणायची, एवढा उंच तू, रोज डोकं आपटशील.

वायरमन रफिकभाईंनी शिडीवरून विचारलं, "वहिनी, किती खाली घिऊ?"

"यांचं डोकं लागणार नाही एवढा वर ठेवा."

बोलून गेले. रफिकभाई तेवढ्याच उंचीवर लावून गेले. मी त्यांना अडवलं का नाही? लाज वाटली? की तेवढा वेळ तो टेबलापाशी उभा आहे असं वाटत राहावं म्हणून?

जेवताना सासूबाई वर बघत म्हणाल्या, "लय वर टांगलाय गं. ताटात उजेडच न्हाई. वाकला असता की त्यो."

वाकला असता. रोज, हसत. मीच त्याला नको म्हणत राहिले.

उद्या: रफिकभाईंना बोलावून दिवा खाली घेणे.