तबक आधी पाहुण्याकडे

पोलिनी, १३ ऑक्टोबर १९९१

चि. रेमी यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्रास कारण आई. रविवारी शेजारचे ग्रिव्हेल काका जेवायला होते. मटण झालं, सॅलडचा पाला झाला, आणि रीतीप्रमाणे आईने चीजचं तबक आणलं. आधी काकांपुढे, मग माझ्यापुढे, शेवटी स्वतःपुढे. तबक आत गेलं. मी गोड आणायला उठते तोच ही तेच तबक घेऊन पुन्हा दारात, आणि पुन्हा काकांपुढे. काका गोंधळले. दुसऱ्यांदा चीज घ्यायचं म्हणजे घरधनिणीला तोंडावर सांगायचं की तुमच्या जेवणाने पोट भरलं नाही. त्यांनी नको म्हटलं. त्यावर ही संतापली, की आमच्या ह्यांनी उभी हयात काँते चीजच्या तळघरात काढली ती काय तुम्ही नाकं मुरडावीत म्हणून?

डॉक्टरांना दाखवलं. म्हणाले की आज त्या माणसं ओळखतायत, उद्याचं सांगता येत नाही. ज्यांना भेटायचंय त्यांनी लवकर भेटून जावं. ज्यांना म्हणजे तुला. मी तर इथेच आहे. एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी बाबांच्या थडग्यावर शेवंती ठेवायला ये.

नोलवेनला आणि तुमच्या धाकट्या लेकीला आशीर्वाद. लोभ आहेच; तो दाखवायला ब्रेस्टहून गाडी सुटते.

तुझी ताई,
सोलांज


ब्रेस्ट, २४ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण पत्र वाचून आम्ही नवराबायको हसलो. तबक दोनदा, आणि तेही आपल्या घरात! आधी पाहुणे, मग बाबा, मग तू, आणि घरचा धाकटा म्हणून मी शेवटी. माझ्यापर्यंत येईतो मॉर्बिए चीजची साल तेवढी उरलेली असायची. एकदा चुकून भलीमोठी फोड आली, तर मी अधाशासारखं तिचं टोकच कापलं. आईने पाहुण्यांदेखत माझ्या हातावर चमचा हाणला, आणि म्हणाली की मेल्या, फोड लांबीने कापायची असते, मधलं मऊ एकट्याने गिळून दुसऱ्यांना काय सालपटं देणार? अजून पाव कापताना ती जागा हुळहुळते.

गोदीत दोन जहाजं दुरुस्तीला लागली आहेत, सुटी मिळत नाही. नाताळला नक्की येतो. वय झालं की माणूस विसरतं, ताई. तू सगळंच फार मनाला लावून घेतेस.

आईला सांग, रेमी पोटभर जेवतो. लोभ असावा, छडी नसावी.

तुझा,
रेमी


पोलिनी, २९ डिसेंबर

चि. रेमी यास आशीर्वाद, वि. वि.

धाकटीला गोवर आला हे कळलं. तिला सोडून येता येत नाही हेही कळतं. तरी सांगते. नाताळला आईने तुझी चुलीजवळची खुर्ची दिवसभर कुणाला बसायला दिली नाही. मांजरालाही हुसकलं. रोज विचारते की रेमी जेवला का, शाळेतून अजून कसा आला नाही. म्हणजे नाव आहे. पण त्या नावाला तिच्या मनात चेहरा कोणता आहे, ते मला ठाऊक नाही. ऑक्टोबरात बोलावलं तेव्हा आला असतास तर तुझाच असता.

तबक आता दर रविवारी दोनदा फिरतं. काका आणि मी पहिल्या फेरीला नखाएवढा तुकडा घेतो, म्हणजे दुसऱ्या फेरीला पहिल्यांदाच घेतल्यासारखं घेता येतं. काका म्हणतात की पोरी, जन्मभर पाळलेली रीत तुझ्या आईपायी मोडतोय, वर कुणी जाब विचारला तर साक्षीला तू यायचंस.

लोभाबद्दल मी लिहायला नको. तुला माहीत आहे.

ताई


ब्रेस्ट, ८ मार्च १९९२

ती. ताईस सा. न.

ईस्टरची तिकिटं काढली. मी एकटाच येतो. खरं सांग, ओळखेल ना मला?

रेमी


पोलिनी, १२ मार्च

चि. रेमी,

प्रश्न विचारत बसू नकोस. ये.

ताई


ब्रेस्ट, २६ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

निघताना तुझ्याशी धड बोललो नाही. तू गोडाचं बघायला आत गेली होतीस. परत आलीस तेव्हा टोक तुटलेली फोड तुला दिसली आणि तू माझ्याकडे डोळे वटारलेस. काय झालं ते लिहितो.

दारात आईने माझ्या गालाला गाल लावला, तेव्हा वाटलं, जिंकलो. पण तसा ती काकांनाही लावते. जेवण झालं, ती तबक घेऊन उठली. काकांना ओलांडून सरळ माझ्याकडे आली. सगळ्यांत आधी माझ्याकडे, ताई. फोडीचं टोक माझ्या बाजूला वळवून म्हणाली, की घ्या ना, एवढे लांबून आलात, संकोच करू नका.

मला तेव्हाच कळलं. लहानपणी त्या पहिल्या मानासाठी मी किती रडलो होतो. तरी मन ऐकेना. मी मुद्दाम सुरी आडवी धरली आणि टोकच कापलं. हात तबकावर तसाच ठेवला, चमच्याची वाट बघत. तिने पाहिलं. अगदी नीट पाहिलं. वळण नसलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तसं हसली, आणि म्हणाली, अजून घ्या.

ते टोक खाववलं नाही. रुमालात बांधून आणलं आहे. नोलवेन फेकायला निघते आणि मी फेकू देत नाही.

ताई, तू तरी लोभ ठेव.

रेमी


पोलिनी, १० मे

चि. रेमी यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

वटारलेले डोळे परत घेतले.

काकांना खोकला आहे, म्हणून आजच्या जेवणाला आम्ही दोघीच होतो. आईने ठेवणीतल्या बशा काढल्या. मी विचारलं की आज कोण यायचंय, तर नुसती हसली. जेवण झालं. तिने तबक आणलं आणि माझ्यापुढे धरलं. टोक माझ्याकडे वळवून.

मी सुरी घेतली आणि टोकापासून सालीपर्यंत लांबीने पातळ काप काढला. ती बघत होती. म्हणाली की इतकं व्यवस्थित कापायला कुठे शिकलात? मी म्हटलं, आईने शिकवलं. तिला फार बरं वाटलं. म्हणाली की चांगलं वळण लावलंय हो तुमच्या आईने, आमच्या पोराला सांगून सांगून जीभ झिजली, ऐकेल तर शपथ. मग तबक खाली ठेवून तिने विचारलं, की आई आहेत ना अजून?

मी म्हटलं, आहे.

म्हणाली, मग पुढच्या रविवारी त्यांनाही घेऊन या जेवायला.

तूही ये. पाहुणा म्हणूनच ये, चालेल. पाहुण्यांचं ती अजून मनापासून करते. फोड मात्र लांबीने काप.

लोभ होता तेवढाच आहे.

तुझी ताई,
सोलांज