शालिकरामचं विम्याचं कार्ड

सौसर
ता. २२ नोव्हेंबर १९८७

चि. प्रतिभा हिस,

जयभीम आणि आशीर्वाद. नावाआधी सौ. लिहावं का नाही ते समजलं नाही, म्हणून लिहिलं नाही. राग नको मानू.

रामाकोन्याला सगळे बरे असतील. तुझ्या बाबांचा दमा थंडीत वाढतो, त्यांना भल्या सकाळी वावरात नको जाऊ देजो. इकडे संत्र्याची तोड सुरू झाली. बाया लवकर कामावर निघतात, त्यामुळे अंगणवाडीत लेकरं माझ्या आधी येऊन बसतात. माझं अक्षर वाकडं दिसत असेल. उजव्या हाताला जरा लागलं होतं. आता बरं आहे.

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी एक ओळ लिहिली नाही. आज लिहून राहिली, कारण शालिकरामचं जे झालं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

यंदा पोळ्याला आम्ही सावरगावला माझ्या भावाकडे, कवडूकडे गेलो होतो. दुसऱ्या दिवशी गोटमार. नदीच्या या काठावर सावरगाव, त्या काठावर पांढुर्णा, मधात पळसाच्या झाडाला झेंडा. झेंडा कोण नेतो यासाठी दिवसभर दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे चालले. शालिकराम पाण्यात उतरला होता. मी काठावरून पाहत होती, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. सूतगिरणीतून आला की भिंतीकडे तोंड करून बसणारा माझा पोरगा त्या दिवशी चारचौघांसारखा दिसला. सगळेच गोटे मारतात, त्यात बिमार कोण ते कसं ओळखावं?

सायंकाळी झाड तोडून नेलं, लोक देवीच्या देवळाकडे निघाले. शालिकराम थांबला नाही. काठावरच्या बायांवर गोटे मारत राहिला. "माझ्या नावानं कुजबुजता," असं ओरडत होता. एका पोरीचं कपाळ फुटलं, ती तशीच खाली बसली. मग दिवसभर एकमेकांची डोकी फोडणाऱ्या दोन्ही गावच्या माणसांनी मिळून त्याला पाण्यात पाडलं आणि तुडवलं. कवडू त्याच्या अंगावर आडवा पडला म्हणून तो जिवंत राहिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही सौसरला आलो. सकाळी मी पाट्यावर चटणी वाटत होती. तो मागून आला आणि म्हणाला, "तू बी त्यायच्यातलीच होय नं?" मी मान वर करायच्या आत त्यानं माझ्या हातातला वरवंटा ओढून घेतला. पहिला घाव मनगटावर बसला, हाड मोडून कातडीखाली वर आलं. दुसरा खांद्यावर. तिसरा डोक्यावर यायचा तो मी सरकली म्हणून चौकटीवर बसला, लाकडाची ढलपी उडाली. शेजारचा गुलाब आणि गिरणीतले दोघंजण धावून आले. त्यांनी त्याला बैलाच्या दोरानं खांबाला बांधलं. दोन दिवस तो तसाच होता. मी डाव्या हातानं भात भरवत होती आणि तो माझी बोटं चावत होता. वर "जरा लागलं" लिहिलं, ते असं लागलं.

कोणी म्हणे बाहेरचं आहे, बाबाकडे न्या. कोणी म्हणे साखळी घाला. मी म्हटलं, गिरणीत त्याच्या पगारातून विम्याचा पैसा कापतात, कार्ड आहे, त्या कार्डावर हात मोडला तर पाहतात, मग डोकं का नाही पाहणार?

विम्याच्या दवाखान्यात माझ्या हाताला प्लास्टर लागलं. शालिकरामसाठी डॉक्टर म्हणाले, मनाचा डॉक्टर आमच्याकडे नाही, छिंदवाड्याला न्या. गुलाबला सोबत घेऊन छोट्या रेल्वेनं नेलं. वाटेत रामाकोना आलं तेव्हा मी त्याला खिडकीपासून दूर ओढलं. तो उतरून तुझ्याकडे जाईल, अशी भीती होती. छिंदवाड्याला म्हणाले, नागपूरला न्या. नागपूरच्या खाजगी डॉक्टरच्या कंपाउंडरनं कार्ड हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि परत दिलं. पागलखान्यात म्हणाले, भरती करायचं तर कोर्टाचा कागद आणा. तिथं फाटकाच्या आत एक म्हातारा जो दिसेल त्याला स्वतःच्या गावाचं नाव विचारत होता. मी शालिकरामचा हात धरून परत निघाली. गिरणीच्या बाबूंना विचारलं तर ते म्हणाले, नागपूर पडलं महाराष्ट्रात, तुमचं कार्ड मध्यप्रदेशचं.

पण पागलखान्याच्या बाहेर चहा पिताना तिथल्या एका दाईनं मला पत्ता दिला होता. नागपूरच्याच एका वस्तीत, बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत, दर गुरुवारी मनाची एक डॉक्टरीण बसते. बाकीचे दिवस ती विम्याच्या मोठ्या दवाखान्यात असते, म्हणून विम्याचा कागद तिला चालतो. फक्त सौसरच्या डॉक्टरनं बाहेर पाठवल्याची पर्ची शिक्क्यासह पाहिजे. त्या पर्चीसाठी मी चार चकरा मारल्या. बाहेरच्या राज्यात पाठवायचा नियम नाही, हेच ऐकलं. चौथ्या वेळी मी प्लास्टरचा हात डॉक्टरच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, साहेब, दुसरा हात मोडल्यावर देणार असाल तर तसं लिहून द्या. त्यांनी वरच्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ बोलले, आणि शिक्का मारला.

त्या खोलीत बाकावर आमच्यासारखेच लोक बसले होते. कोणी कोणाकडे टक लावून पाहत नव्हतं. डॉक्टरीण तुझ्याच वयाची. तिनं कार्ड पाहिलं, पर्ची पाहिली आणि मला विचारलं, यानं पहिल्यांदा हात केव्हा उचलला? मी म्हटलं, यंदाच्या पोळ्यानंतर. मग तिनं तेच शालिकरामला विचारलं.

तो तिच्याकडे न पाहता म्हणाला, "पयले बायकोले मारलं. दोन वर्सं झाले. ते दार वाजवत होती. मायनं बाहेरून कडी लावली होती."

डॉक्टरणीनं लिहिणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचं कार्ड सरळ करत राहिली.

प्रतिभा, आता ते लिहिते. त्या दुपारी तू ओरडली तेव्हा चाळीतल्या बाया पाहायला लागल्या. गिरणीत नाव खराब होईल, पोराची नोकरी जाईल, एवढंच माझ्या मनात आलं. मी कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. तुझ्या हाताचे धक्के माझ्या पाठीला लागत होते. तू मला "माय, उघडा" म्हणत होती. मी मोजत नव्हती, पण फार वेळ होता तो. धक्के थांबले तेव्हा उघडलं. तुझ्या डाव्या कानातून रक्त येत होतं आणि तू माझ्याकडे अशी पाहत होती जशी मला ओळखतच नाही.

आणि समाजाच्या बैठकीत मी सांगितलं, हापशीवर घसरून पडली. पंचांनी तुला खोटी ठरवलं. तुझं शिलाईचं मशीन आमच्याच घरात ठेवून घेतलं. मी मान खाली घालून बसली होती, ते लाजेनं नाही, पकडली जाईन या भीतीनं.

शालिकराम बिमार होता. मी बिमार नव्हती. हेच मला दोन वर्षं लिहिता आलं नाही.

आता त्याला पंधरा दिवसांनी सुई देतात. ओरडत नाही, झोपतो. हात थरथरतात. सुताच्या मशीनवर नाही घेत, गोदामात झाडू देतात, पण कार्ड चालू आहे. पूर्ण बरा होईल का ते डॉक्टरीण सांगत नाही. परवा जेवताना त्यानं तुझ्याबद्दल विचारलं, "ते येईन काय?" मी म्हटलं, नाही. त्यानं परत नाही विचारलं.

मागच्या रविवारी मी बैठक बोलावली आणि सगळं उभ्यानं सांगितलं. दोन म्हातारे उठून गेले. एकानं म्हटलं, पोराची फजिती करून तुला काय भेटलं. मी घरी येऊन तुझं मशीन पुसून ठेवलं. मशीन गुलाब सोमवारी घेऊन येईल, त्याला अंगणात ठेवायला सांगितलं आहे, घरात येणार नाही.

तू इकडे येऊ नको. तो सुधारला असं कोणी सांगितलं, माझं नाव घेऊन सांगितलं, तरी येऊ नको. तुझा कान नागपूरला दाखव. कार्डावर बायको म्हणून तुझं नाव अजून आहे, ते मी काढू नाही दिलं. फारकत होईपर्यंत तुझा इलाज त्यावर होतो. पर्चीचं पण विचारून घेतलं आहे.

तुझा भाऊ कोर्टात जाणार असं ऐकलं. त्याला सांग, साक्षीदार शोधत फिरू नको. सगळं मी पाहिलं आहे, आणि केलं पण आहे. तारीख पडली की फक्त एक पोस्टकार्ड टाक. मी जजसमोर त्याच्या विरुद्ध उभी राहीन, आणि माझ्याही.

पंचफुला,
शालिकरामची माय