मस्कतच्या हॉटेलातला खमाज

मस्कत, रविवार

ती. बाबा, पायांवर डोकं ठेवतो.

इथे हॉटेलात पियानोवर जॅझ वाजवतोय. सा, ग, प, कोमल नी एकदम दाबून वर रे आणि ध चढवले की कॉर्ड लांबते, आणि तिला खमाजाचा अवरोह चपखल बसतो! सवयीने मी 'म'वर थांबलो, तो कॉर्डमधल्या 'ग'ला टोचला. गोव्याचा बेसवाला आग्नेल म्हणाला, "अरे, तिथं शिवून पुढं जायचं, घर काय बांधतोस?"

तुमच्या तळेगावच्या गाण्याच्या क्लासला कान्हे गावची मुलं अजून येतात ना?

मॅनेजरने माझा पासपोर्ट ठेवून घेतलाय. करार संपेपर्यंत देणार नाही म्हणतो. मी भर जेवणघरात गरजलो, "माझी बोटं भाड्याने घेतलीत, मला विकत नाही!" वेटरांनी टाळ्या वाजवल्या. पासपोर्ट त्याच्या तिजोरीतच आहे.

आईला हा पासपोर्टचा परिच्छेद वाचून दाखवू नका.

तुमचा,
श्रीयश