डब्यात बिघाड नाही

लिहून ठेवणार: बन्सी गेनू ओव्हाळ, वय वर्षे चौसष्ट, धर्म बौद्ध, रेल्वेतून निवृत्त पॉइंट्समन, राहणार केडगाव स्टेशन, तालुका दौंड, जिल्हा पुणे.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे, उजवा हात शाबूत नाही. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. म्हणून मजकूर मी सांगत आहे आणि माझे रेल्वेतले सोबती सर्जेराव थोरात लिहून घेत आहेत. माझ्यावर कोणाचा दाब नाही. लाज मात्र आहे. तिचा उल्लेख पुढे येईल, तो वकिलांनी गाळू नये.

१. घर व रक्कम. स्टेशनामागचे घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते माझी पत्नी भागुबाई हिने हयातभर वापरावे. तिच्या मागे मुलगा संघर्ष आणि मुलगी सीमा यांनी समान वाटून घ्यावे. पोस्टातली रक्कम सर्वस्वी भागुबाईची. त्यातून तिने आधी स्वतःचे दात बसवून घ्यावेत. माझ्या वाद्यांपायी ते काम दरवर्षी मागे पडले.

२. शिरूरचे जावई, म्हणजे सीमाचे यजमान. ओटा पत्र्याने बंद करून मी जो स्टुडिओ केला, त्याला ते चारचौघांत ‘म्हाताऱ्याचं खेळणं’ म्हणतात. त्यांना त्यातली एकही वायर देऊ नये. त्यांचे म्हणणे खरे निघाले, तरीही देऊ नये.

३. स्टुडिओ. कॉम्प्युटर, की-बोर्ड, माइक, हेडफोन आणि आवाज कॉम्प्युटरात घेणारा इंटरफेस, ज्याला आमच्या घरात नुसता डबा म्हणतात, हे सर्व मी सून राजश्री हिला देतो. मुलाला नाही. याचे कारण सांगणे भाग आहे.

माइकवर गायलेला आवाज डब्यातून आत जातो आणि जसा गायला तसाच राहतो. की-बोर्ड मात्र मिडीच्या वेगळ्या वायरीने जोडलेला आहे. त्या वायरीतून सूर जात नाही. कोणती पट्टी केव्हा दाबली आणि किती वेळ धरली, एवढाच निरोप जातो. रेल्वेच्या केबिनमध्ये तारेवरून घंटी यायची, गाडी काही त्या तारेतून यायची नाही, तसेच हे. सूर मागाहून कॉम्प्युटर काढतो. आणि नुसता निरोपच असल्यामुळे तो नंतर मागेपुढे सरकवता येतो. हे मला कोणी सांगितले नव्हते.

झटक्यानंतर बोटे उशिरा पडू लागली, म्हणून मी पेटी सोडली होती. राजश्रीने दौंडला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला आहे. तिनेच मला की-बोर्डपुढे बसवले. सकाळी मी भीमगीताची साथ वाजवायची आणि दुसऱ्या दिवशी तिने ती ऐकवायची, असा क्रम पडला. ऐकून मला वाटले, हात परत आला. मी गावभर तसे सांगत सुटलो. जयंतीला मंडळाने आमची सीडी काढली, माझा सत्कार केला, आणि झटक्याला मी हरवले असे मी माइकवरून बोललो. त्या टाळ्या आठवल्या की अजून मान खाली जाते.

गेल्या उन्हाळ्यात राजश्री माहेरी गेलेली असताना मिडीची वायर चालेना. मी कोणाला न विचारता की-बोर्डचा आवाजच दुसऱ्या वायरीने डब्यात घातला, एक गाणे वाजवले आणि लगेच लावून ऐकले. बोटे अडखळत होती. एका पट्टीबरोबर शेजारची दबत होती आणि लय कुठल्या कुठे जात होती. डबा विकणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराला मी नाही नाही ते बोललो.

राजश्री परत आली. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, “आप्पा, डबा बिघडलाय.”

संघर्ष डबा घेऊन पुण्याला गेला आणि तसाच परत घेऊन आला. “आप्पा, दुकानदार म्हणतोय, ह्याला काय बी झालं न्हाई.”

“पुण्याची लाइट येगळी आन् आपली येगळी,” राजश्री त्याला म्हणाली. “तिथं चालंल, हितं न्हाई चालायचा.” आणि तिने मिडीची नवी वायर जोडून दिली.

पुढे एका दुपारी मी खाटेवर डोळे मिटून पडलो होतो. झोप लागलेली नव्हती. राजश्री कॉम्प्युटरपुढे बसली आणि माझ्या सकाळच्या वाजवण्याच्या पडद्यावरच्या खुणा माउसने एकेक धरून जागेवर नेऊन ठेवू लागली. चुकीच्या होत्या त्या पुसू लागली. दारातून भागुबाईने हळूच विचारले, “किती राहिलं गं?”

“झालंच आत्या. आज लई सरकलंय.”

राग आला असता तर बरे झाले असते. मला लाज वाटली. ज्या हाताचा मी डंका पिटला, तो हात सुनेचा होता, आणि हे मला ठाऊक नव्हते, घरातल्या दोघींना होते. मला कळले आहे हे मात्र त्यांना ठाऊक नाही. मी अजूनही रोज सकाळी वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी ऐकून “जमलं की गं” म्हणतो. थांबलो तर तिला कळेल, आणि मग ती पोर माझ्यासमोर वावरणार कशी?

४. पेटी. माझी जुनी पेटी तळेगाव ढमढेरे येथील ढोलकीवाले नवनाथ साळवे यांना द्यावी. उमेदीपासून ते माझ्या साथीला होते. सीडी निघाल्यावरच्या कार्यक्रमात मी पुन्हा पेटीवर बसलो आणि त्यांना लोकांदेखत म्हणालो, “नवनाथ, ढोलकी मागं पडतीय.” ढोलकी मागे पडत नव्हती. माझे बोट पडेपर्यंत ते थांबत होते, म्हणून तर लोकांना काही कळले नाही. त्यांनी ढोलकी खोळीत घातली आणि गेले, ते पुन्हा आले नाहीत. पेटी संघर्षने स्वतः नेऊन द्यावी आणि माझ्या वतीने माफी मागावी. जीपवाल्याच्या हाती पाठवून मोकळे होऊ नये.

५. सीडी पुन्हा काढल्यास संगीत या शब्दापुढे राजश्री संघर्ष ओव्हाळ असे नाव छापावे. माझे नाव काढून टाकावे.

६. उन्हाळ्यात डब्यातून घेतलेले ते गाणे राजश्रीने पुसलेले नाही. कॉम्प्युटरात आहे, मी पाहून ठेवले आहे. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी तेच लावावे. ते सरकवता येत नाही, आणि राजश्री, तू तसा प्रयत्नही करू नकोस. डब्यात बिघाड नाही, हे मला त्या दुपारीच कळले. तू एवढे खोटे माझ्यासाठी बोललीस, त्याची फेड या मृत्युपत्राने होत नाही.

त्या दिवशी नवनाथ यांना ढोलकी घेऊन बोलवावे. आले तर त्यांनी त्या गाण्याबरोबर वाजवावे. त्यांना आधी काही सांगायची गरज नाही. माझे बोट कुठे उशिरा पडते आणि तिथे किती थांबायचे, हे त्यांना माहीत आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. सही मी उजव्या हाताने केली आहे. ती ओळ सोडून खाली घसरली म्हणून सर्जेरावांनी दुसरा कागद पुढे केला. मी तो घेतला नाही.

सही: बन्सी गेनू ओव्हाळ

साक्षीदार:
सर्जेराव थोरात, केडगाव (मजकूर लिहून घेणार)
डॉ. रविराज गुंड, केडगाव (लिहून देणार पूर्ण शुद्धीवर असल्याची खात्री केली)

स्थळ: केडगाव स्टेशन
दिनांक: ९ नोव्हेंबर २००८