यंदा खाडी बंद

खालची वाडी, ता. मालवण
मे अखेर

प्रिय सुशांतराव,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नका. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्या सासूबाईंचा गुडघा पूर्वी दुखायचा तेवढाच दुखतो आणि मी पूर्वी चिडायचो तेवढाच चिडतो. फोन हाताशी असताना कागद का खराब करतोय म्हणाल, तर फोनवर मी तुमच्याशी काय बोलतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊस कसा आहे, वारा कुठला आहे, लाइट गेली होती, बरं ठेवतो. आज त्याहून थोडं जास्त बोलायचं आहे. उभी नोकरी मी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. गाडी रद्द असेल तर आधी सांगून मोकळं व्हायचं, माणसाला फलाटावर ताटकळत ठेवायचं नाही, ही तेव्हापासूनची सवय. म्हणून मुख्य बातमी आधी देतो. यंदा खाडी बंद आहे.

बंद म्हणजे मिरगापासून नारळी पुनवेपर्यंत खाडीच्या मुखाशी कोणी गरी टाकायची नाही, पागाचं जाळं मारायचं नाही, तुमच्यासारख्यांच्या रॉडचं तर नावच नको. यंदाच नव्हे, सलग तीन पावसाळे. पुलावर तसा फलकही लागला आहे. त्यात ‘हौशी’ची वेलांटी चुकली आहे, ती मी रंगवणाऱ्याला दाखवली, तर तो म्हणाला, "मासे काय वाचूक येतले?" कारण तुम्हाला वेगळं सांगायला नको. चोणक मासा राहिलेला नाही. पावसाचं गढूळ पाणी खाली उतरू लागलं की तो वरच्या गोड्या पाण्यातून मुखाशी येतो, अंडी घालायला. नेमकी तेव्हाच पुलावर कोल्हापूर, बेळगाव, पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत सरकारची होड्यांना बंदी असते, म्हणून आमचे होडीवाले होड्या झावळ्यांनी शाकारून घरी बसतात, आणि रेनकोटातली माणसं मुखाशी खडपावर, त्या काळ्या कातळावर, ओळीने उभी राहतात. पोटासाठी मारणाऱ्याने थांबायचं आणि हौसेसाठी मारणाऱ्याने नाही, हे गावाला बरेच दिवस खुपत होतं.

आपला मितेश, ज्याच्या होमस्टेवर हे हौशी लोक उतरतात, तो आधी खूप तावातावाने भांडला. मग त्याच्याच लक्षात आलं की गेल्या पावसात त्याच्याकडे आलेली माणसं चार चार दिवस राहून नुसती भिजून परत गेली होती. मत्स्य खात्याकडून दिव्या नावाची एक मुलगी माहिती द्यायला आली होती. अगदी लहानखुरी, पण बोलणं स्वच्छ. ती म्हणाली की चोणक जन्मतो तो बहुतेक नर असतो, आणि वाढत वाढत मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मितेशच्या भिंतीवर जे हातभर, दोन हातभर माशांचे फोटो लावले आहेत, त्यातल्या बहुतेक सगळ्या आया आहेत. त्या भिंतीवर एक फोटो तुमचा आहे, तुमच्या शेजारी मी छत्री धरून उभा आहे, दोघंही हसतोय.

तो मासा मला चांगला आठवतो. दोन वर्षांपूर्वीचा. तुम्ही तो खडपावरून वर ओढेपर्यंत माझीच दमछाक झाली होती. घरी आणला, हिने विळीवर घेतला आणि पोट उघडताच अंड्यांनी भरलेल्या दोन लांबच लांब गाबोळ्या बाहेर आल्या. एरवी गाबोळी निघाली की आमच्या घरात दिवाळी. अक्षया लहान असताना तर तव्याशी ताट घेऊन बसायची. हिने त्या तळल्या, तुमच्या पानात वाढल्या, आणि तुम्ही त्या बाजूला सारून आमटीभात जेवलात. पित्त झालंय म्हणालात. मग गेल्या वर्षी आपण खडपावर उभे असताना तुमची दोरी माझ्या छत्रीत अडकली, मी ती सोडवायला घेतली आणि पाहिलं, तर तुमच्या त्या प्लास्टिकच्या माशाला गळच नव्हते. तिन्ही काढून टाकलेले. तुम्ही सकाळपासून दुपारपर्यंत तो नुसता फेकत होता आणि ओढत होता. मी दोरी सोडवून दिली आणि म्हटलं, वारा फिरलाय. तुम्ही म्हणालात, हो ना, फिरलाय.

आता बंदी झाली कशी ते ऐका. हसाल, निदान मला तसं वाटतं. सभेत ठराव झाला, पण आमच्याकडे ठरावाला कोण विचारतो. गावाला बांधायचं तर देवळात गाऱ्हाणं घालावं लागतं. गंगाराम गांवकराकडे गाऱ्हाण्याचा मान. तो देवापुढे एकेक वाक्य बोलतो आणि मागे उभ्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा म्हटलं की ते देवाला दिलेलं. मी घरून पक्कं ठरवून निघालो होतो की आपल्या जावयापुरती सूट मागायची. वर्षातून एकदा चार दिवस येणारा माणूस, तो काय खाडी रिकामी करणार, असा मुद्दासुद्धा तयार होता. गंगाराम उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, तेंका सांभाळून घे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. "खाडीतलो मासो सरलो हा, तेची वाढ कर रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. "ह्या दिसांत जो कोण खाडीत गरी टाकीत, मगे तो गावचो आसो, भायलो आसो, नायतर गावचो जावय आसो, तेचा काय ता तूच बघ रे म्हाराजा." आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, मी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळा. आयुष्यभराची सवय, तोंड मेंदूला विचारत नाही. शेजारचा माझ्याकडे बघायला लागला तेव्हा कळलं काय कबूल करून बसलो ते. चपला शोधायच्या निमित्ताने मी खाली बघत बाहेर आलो.

घरी येऊन सांगितलं तर हिने कपाळाला हात लावला. "मासो नसलो तर जावयाक वाढू काय मी?" तुम्ही तळेऱ्याला पोचलात की चहा पिऊन फोन करता आणि ही त्या फोनवर भात चढवते, खोबऱ्याचं वाटप काढते, इतकी वर्षं तसंच चाललं आहे. मी म्हटलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं कर, आंबोळ्या कर, पुण्यात त्यांना कोण घालतंय. एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही, आज सांगून टाकतो. गेली तीन वर्षं ही खाडीचा मासा खात नाही. बाजारातून समुद्राचा आणते, तो खाते. खाडीचा शिजवते, तुम्हाला वाढते, आणि स्वतःच्या पानात आमटी घेते. का ते मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. त्याच मुखाशी, त्याच खडपावरून आपण अक्षयाच्या अस्थी सोडल्या होत्या. भटजींनी पाण्याकडे पाठ करून मागे न बघता निघायला सांगितलं आणि तुम्ही तिथेच उभे राहिलात. मी दोनदा हाक मारली. शेवटी मी येऊन तुमच्या शेजारी उभा राहिलो, आणि मला वाटतं, तेव्हापासून आपण दोघं तिथेच उभे आहोत.

बांबोळीच्या इस्पितळातून तिला आणलं त्या दिवसानंतर तिचं नाव आपण एकमेकांसमोर घेतलेलं नाही. पुढच्या पावसात तुम्ही रॉड घेऊन आलात तेव्हा मला आधी रागच आला होता. म्हटलं, माणसाला मासेमारी सुचते तरी कशी. दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर खडपावर आलो आणि राग गेला. भरती कधी लागेल, पाणी किती गढूळ आहे, वरच्या अंगाला पाऊस झालाय का, असं बोलत आपण चार दिवस काढले. इतकं बरं मला ती गेल्यापासून वाटलं नव्हतं. घरात आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतो, सुशांतराव. तिकडे निदान बघायला पाणी असतं. तुम्ही गेलात की मी पुढच्या पावसाची वाट बघायला लागतो. आता ते सांगायला लाजत नाही.

गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाराम घरी आला. देवापुढे बोलताना कडक वाटतो, पण मनाने मऊ आहे. पडवीत बसला, विड्याचं पान लावलं आणि म्हणाला, "दत्ता, तुझ्या जावयाचा देवाक सांगान सोडवन घेवया. तो काय भायलो नाय. बाय आमच्या हातावर वाढलेली. गावात कोण एक अक्षर बोलूचो नाय." माजघराच्या दारात ही उभी होती. तिचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. देवाला पुन्हा नारळ ठेवायचा, चार शब्द बोलायचे आणि तुमचे चार दिवस मोकळे. मी म्हटलं, नको. गंगाराम दोनदा म्हणाला, मी दोनदा नको म्हटलं. तो गेला. तेव्हापासून ही माझ्याशी कामापुरतं बोलते. काल म्हणाली, "तुमका तेंका येवकच द्यायचा नाय, असाच ना?" ती चुकीचं बोलत नव्हती.

कारण तिला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. गाऱ्हाणं झालं त्याच संध्याकाळी तुमच्या आईंचा फोन आला होता. ही तेव्हा शेजारी पापड लाटायला गेली होती. तुमच्या आईंनी माझ्याकडे काही मागितलं नाही, नुसत्या रडल्या. एक स्थळ आहे, मुलगी समजूतदार आहे, तुम्हालाही ती नावडलेली नाही, असं म्हणाल्या. पण लग्नाचा विषय काढला की तुम्ही म्हणता, पावसात मालवणला जाऊन येतो, मग बघू. पाऊस संपला की म्हणता, त्या दोघांना मी सोडून कोण आहे. खरं आहे, कोणी नाही. तुम्ही येईनासे झालात तर ही कोलमडेल, आणि मी बहुधा तिच्याआधी. तरीही गंगारामाला नको म्हटलं, कारण वर्षातले चार दिवस सोडवून घेऊन मी तुमची बाकीची सगळी वर्षं अडवून ठेवली असती. बाप म्हणून जे सांगायचं ते फोनवर माझ्याने झालं नसतं, मी वारा कुठला आहे ते सांगून ठेवून दिला असता. म्हणून हे लिहिलं. लग्नाला हो म्हणा. इथे ठेवलेला तुमचा रॉड मी एसटीच्या पार्सलने पाठवून देतो. खडपावर रिकाम्या हाताने उभं राहायला मात्र गावाची बंदी नाही. सासूबाईंना मी समजावीन, त्या रडतील आणि मग तुमच्या नवरीसाठी साडी काढतील. पण बायला, आपल्या अक्षयाला, सांगायचं मला जमणार नाही. ते तुम्ही खडपावर येऊन तिला सांगा.

तुमचाच,
आबा