चोच

४ मार्च, सोमवार
मला नाव मिळालं! विद्यापीठातल्या कर्णबधिर मुलांना नोकऱ्या मिळवून देणं हे माझं काम. आज मुलांनी मला खुणेचं नाव बहाल केलं. ओठांजवळ बोटांची चोच — उघड, मीट, उघड, मीट. चिमणी! घरी सगळ्यांना करून दाखवलं. नवरा उगाचच खोकला.

५ मार्च
फूटपट्टीला मुलाखतीचं बोलावणं! (अंबाड्यात कायम स्टीलची पट्टी खोचलेली, म्हणून मी ठेवलेलं नाव.) फर्निचरचे आराखडे काढणारी कंपनी. सतरा नकार पचवलेत पोरीने. हीही संधी गेली तर मामाच्या दुकानात बसायचं, असं घरच्यांनी ठरवून टाकलंय. दुभाषी म्हणून मीच जाणार. आठ आठवड्यांचा खुणांचा कोर्स केलाय, चेष्टा नाही!

७ मार्च
माती खाल्ली.
साहेबांनी विचारलं, "तुमच्यातला दोष?" ती खुणांनी म्हणाली — कोणी तोंड फिरवून बोललं की माझं टाळकं सरकतं. मी भाषांतर केलं, "स्वभावाने अगदी शांत आहे हो!" पुढची तीन उत्तरं तर तिचे हात उठायच्या आतच दिली.
बाहेर आल्यावर तिने माझ्या वहीत लिहिलं — मॅडम, मला ओठ वाचता येतात. आणि खाली — मुलाखत कोणाची होती?
लाज वाटली. खूप.

८ मार्च
तिच्या वर्गमित्राला सहज विचारलं, चिमणीच ना? तो पोट धरून हसला. वहीत लिहून दिलं — "बडबड."
नवऱ्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं म्हणे!

११ मार्च
कंपनीचा फोन. "तुमचं ऐकून झालं, तिचं राहिलं. गुरुवारी पुन्हा पाठवा. तुम्ही बाहेर बसा."

१४ मार्च, गुरुवार
बसले बाहेर. दार काचेचं, म्हणजे छळच. साहेब खिडकीकडे बघत बोलत सुटलेले, ही गप्प. मी अर्धी उठले, जीभ चावली, पुन्हा बसले. (खरंच चावली. जेवताना झोंबत होती.)
तेवढ्यात तिने अंबाड्यातली पट्टी काढून टेबलावर आपटली — खाड! साहेब दचकून वळले. तिने स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं: इकडे बघून बोला.
संपलं, म्हटलं. अठरावा नकार.
मग तिने कागद पुढे ओढला आणि पेन्सिल उचलली. साहेब खुर्ची घेऊन तिच्या शेजारी येऊन बसले.

१८ मार्च
नेमणुकीचं पत्र आलं! फूटपट्टीने नव्या मुलांना माझी ओळख करून दिली. ओठांजवळ तीच चोच — उघडली, मिटली, आणि मिटलेलीच ठेवली.